ऋण काढून सण? गिरणगावातली सुट्टी आणि तिची किंमत

आजच्या विषयाला तत्त्वज्ञान म्हणायचे की घरगुती गप्पा, असा प्रश्न काहींना पडेल. पण निमित्त खरेच घरगुती आहे. आमची पुतणी डोंबिवलीला राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मे महिन्यात चौघांनी सिंगापूरला जायचे म्हणतात. मुलांना तिथला युनिव्हर्सल स्टुडिओ पाहायचा आहे. सगळा खर्च साडेचार लाखांच्या घरात, त्यातला निम्मा हप्त्यांवर. तिने विचारले, "काका, तुम्ही इतकी वर्षे शिकवलंत. सांगा, हे पैसे वाया जाणार का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. याच घरात, याच प्रश्नाला आम्ही एकदा फार झटकन उत्तर दिले होते. ते चुकले होते. ती गोष्ट पुढे येईलच. आधी थोडा इतिहास पाहू, कारण सुट्टीची किंमत काढायची तर सुट्टी आली कुठून हे माहीत हवे.

लालबाग-परळच्या माणसाला रविवार आयता मिळालेला नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तो मुख्यतः लहान मुलांच्या कामापुरता. मोठ्या माणसाला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. भरपगारी रजेला आणखी अर्धे शतक लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. म्हणजे वर्षाला पंधराएक दिवस. एवढ्यासाठी लोक साठ वर्षे भांडले.

आता हे दिवस कुठे खर्च झाले? गिरगावातल्या कारकुनी पेशाच्या घरांत 'हवापालट' हा शब्द होता. कुणी माथेरान गाठे, कुणी लोणावळ्याच्या सॅनेटोरियममध्ये पंधरा दिवस राही. गिरणगावात तो शब्द नव्हता. तिथे एकच शब्द: 'गावी'. शिमग्याला गावी, गणपतीला गावी, मे महिन्यात पोरांना घेऊन गावी. कोकणी माणूस भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाई, घाटी माणूस रेल्वेने किंवा एसटीने. ही सहल आजच्या अर्थाने मौजेची नव्हती. बोटीवर माणसे दाटीवाटीने बसत, आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली. तरी लोक जातच राहिले.

आणि ही सहल स्वस्तही नव्हती, बरं का. भाडे होते, नात्यातल्या प्रत्येकासाठी कापडचोपड होते, देवाचे होते, भावकीचे होते. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तेव्हा निम्म्याच्या आसपास कुटुंबे कर्जात निघाली. व्याजाचा सर्रास दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. हिशेब करा: वर्षाला शेकडा पंच्याहत्तर. यात लग्ने होती, आजारपणे होती आणि गावी जाणेही होते. शहाणी माणसे तेव्हापासून म्हणत आली आहेत, 'ऋण काढून सण करणारे हे लोक.' कर्ज काढून तूप प्यावे हा उपदेश आपण चार्वाकांच्या नावावर खपवतो, आणि गरिबाने चार पैसे हौसेला खर्च केले की त्याला चार्वाकाचा चेला ठरवतो.

पण शहाण्यांचा हिशेब कुठे चुकला ते १९८२ मध्ये दिसले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिना गेला, दोन गेले, वर्ष गेले. इतकी माणसे पगाराविना टिकली कशी? अनेक जण गावी गेले. भाऊ होते, जमिनीचा तुकडा होता, निदान तांदळाची पेज होती. मंडळी, पन्नास वर्षे बोटीला आणि एसटीला दिलेला पैसा तिथे परत मिळाला. दरवर्षी जाऊन ज्याने दार उघडे ठेवले होते, त्यालाच ते उघडे मिळाले. वहीत जो खर्च 'मौज' या खात्यात पडला होता, तो खरे म्हणजे नाते चालू ठेवण्याचा हप्ता होता.

इथून आपल्याला पहिली कसोटी मिळते. सुट्टीवरच्या खर्चाकडे बघताना 'किती' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या खर्चाने काय जिवंत राहते?

आता शहरातल्या करमणुकीकडे येऊ. लालबागच्या पोराचे सगळ्यात मोठे सुख म्हणजे राणीचा बाग. भायखळ्याची ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आम्ही लहानपणी चालत जात असू. आईच्या पिशवीत पोळ्या आणि बटाट्याची भाजी, वडिलांच्या हातात पाण्याची बाटली. गिरगाव चौपाटीवर हाताने फिरवायचे पाळणे, प्रभादेवीच्या जत्रेत तसलेच मोठे पाळणे आणि पिपाण्या. १९५१ मध्ये चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय झाले, मग मासे बघणे हा एक कार्यक्रम झाला. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने तर त्याच्याही आधी, १९११ पासूनच्या कामात, चाळीतल्या माणसांना मोकळ्या हवेच्या सहलींना नेले, व्यायामशाळा चालवल्या, नाटके केली. या सगळ्यात एक गोष्ट समान होती. खर्चाचा मोठा भार सार्वजनिक होता. नगरपालिकेने, दात्यांनी, संस्थांनी जागा उभी केली होती, घराला फक्त येण्याजाण्याचे आणि भेळेचे पडत.

तिकडे अमेरिकेत वेगळी गोष्ट घडत होती. वॉल्ट डिस्नेची आठवण प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि तो बाकावर शेंगदाणे खात वाट बघे. त्याला वाटले, आईबापांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा का नसावी? त्यातून १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले. बघा, मूळ कल्पना अगदी निर्मळ आहे. बाप बाकावर बसू नये, मुलांबरोबर असावा. प्रवेश मोठ्यांना एक डॉलर, आतल्या खेळांचे पैसे वेगळे. आज त्याच उद्यानात गर्दीच्या दिवशी एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या वर गेले आहे. त्यात खेळ येतात खरे, पण रांग टाळायची असेल तर त्याचे पैसे पुन्हा वेगळे. म्हणजे वेळ काढण्यासाठी पैसे, आणि काढलेला वेळ रांगेत जाऊ नये म्हणून आणखी पैसे.

आपल्याकडे ही लाट १९८९ मध्ये गोराईच्या एस्सेल वर्ल्डबरोबर आली. पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. दरम्यान २००५ मध्ये हाँगकाँगला डिस्नेलँड झाले, २०१० मध्ये सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओ. दादर-माहीमच्या सहल कंपन्यांनी मराठी माणसाला पोहे-उपम्यासकट तिथवर नेले.

आता ती गोष्ट. आमचा धाकटा भाऊ गिरणीत होता. संपानंतर त्याला परत घेतले नाही. मग वॉचमनची नोकरी. बारा तासांची पाळी, आणि आठवड्याची सुट्टी नाही. न गेलेल्या दिवसाचा पगार कापत. १९९० मध्ये त्याने भिशी उचलली आणि बायको व दोन पोरांना घेऊन एस्सेल वर्ल्डला गेला. पुतणी तेव्हा आठ वर्षांची, संपाच्याच सालची. आम्ही तेव्हा कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत होतो. आम्ही त्याला रात्री चाळीच्या गॅलरीत गाठून सुनावले. "ऋण काढून सण करायची काय गरज होती? राणीचा बाग पळाला होता का?" तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, "दादा, संपापासून पोरांना मी नुसतं 'थांबा, थांबा' म्हणत आलोय. एकदा तरी 'चला' म्हणायचं होतं."

भाऊ आता नाही. परवा फोनवर आम्ही पुतणीला विचारले, त्या दिवसाचे तुला काय आठवते? आम्हाला वाटले ती म्हणेल, खेळ काही आठवत नाहीत, बाबा आठवतात. आमच्या वयाच्या माणसांना असली उत्तरे आवडतात. पण ती म्हणाली, "काका, सगळं आठवतं. गोराईची लाँच आठवते. चिखलात बाबांची एक चप्पल गेली, ते दुसरीही टाकून अनवाणी लोकलमधून आले, ते आठवतं. आणि तो मोठा पाळणाही आठवतो. बाबा त्यात जाम घाबरले होते, ओरडत होते. वॉचमनच्या ड्रेसात बघितलेला माणूस असा ओरडतो, हे मला माहीतच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा सकाळपासून रात्रीपर्यंत आमच्याबरोबर होते, असा तेवढा एकच दिवस."

आम्ही फोन ठेवला आणि तारखा जुळवल्या. १८९० मध्ये लोखंड्यांनी रविवार मिळवला. १९९० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, त्याच गिरणगावातल्या आमच्या भावाला रविवार नव्हता. तो भिशी उचलून तिकीट विकत घेत होता असे आम्हाला वाटले. तो एक दिवस विकत घेत होता. तिकीट त्यातला लहान भाग. आम्ही राणीच्या बागेचे नाव घेतले, पण बागेत न्यायलाही त्याच्याकडे दिवस नव्हता, हे नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले नाही.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की आपण काम करतो ते निवांतपणासाठी, जशी लढाई शांततेसाठी. पण तो करमणूक आणि निवांतपणा एक मानत नाही. करमणूक हे त्याच्या लेखी औषध आहे, शिणलेल्याने प्रमाणात घ्यायचे. निवांतपणा म्हणजे माणूस स्वतःचा असतो तो काळ. उद्यान करमणूक विकते आणि ती चोख विकते. निवांतपणा मात्र आपल्यालाच बरोबर न्यावा लागतो. आमच्या भावाने तो नेला होता. साडेचार लाख भरूनही तो विसरून जाणारे बाप आम्ही पाहिले आहेत: मुले पाळण्यात, आणि बाप बाकावर, फोनवर ऑफिसशी बोलतो आहे. डिस्नेला ज्या बाकावरून उठायचे होते, तिथेच आपण महाग तिकीट काढून परत बसतो.

एक बाजू घराबाहेरची आहे, तीही सांगितली पाहिजे. गिरण्यांच्या जमिनींचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी आणि एक वाटा सार्वजनिक घरांसाठी द्यावा, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. परळ-लोअर परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले, पण मैदाने त्या प्रमाणात आली नाहीत. गावाने जे मिळून द्यायचे, ते मिळाले नाही की प्रत्येक घर ते एकेकटे विकत घेते, तेही महाग. राणीच्या बागेचे तिकीट २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास झाले तेव्हा ओरड झाली. पण आईबाप आणि दोन मुले यांना मिळून शंभर रुपये ठेवले, म्हणून ती बाग अजून लालबागच्या माणसाची आहे. अशा जागा राखणे हा परदेशी सहलीच्या चर्चेचाच भाग आहे.

तर पुतणीला आम्ही काय सांगितले? नको म्हटले नाही. म्हटले, हप्ते काढू नकोस. बापाने भिशी उचलली, कारण त्याला दिवस दुसरीकडून मिळत नव्हता. तुमच्याकडे रजा आहे. अर्धे पैसे साठले आहेत तर एक वर्ष थांबा, किंवा खोपोलीला जा. दुसरे, जावईबापूंना विचार, ती पाच दिवसांची रजा खरी आहे का? लॅपटॉप बरोबर येणार असेल तर साडेचार लाखांत मुलांना फक्त पाळणे मिळतील. आणि तिसरे, मुलांना एकदा गोराईच्या चपलेची गोष्ट सांग.

ती म्हणाली, "ती त्यांना पाठ आहे, काका. म्हणून तर त्यांना पाळण्यात बसायचंय."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न असतील तर आता घेऊ.