बसरूर, राजेश एम.

आंतरराष्ट्रीय सुरक्षा, अण्वस्त्रनीती आणि सत्तास्पर्धा यांचे अभ्यासक. दिल्लीत इतिहासाचे एम.ए. व एम.फिल.; मुंबई विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. व पीएच.डी. १९७८ ते २००० मुंबई विद्यापीठात इतिहास व राज्यशास्त्राचे अध्यापन. त्यानंतर मुंबईच्या सेंटर फॉर ग्लोबल स्टडीजचे संचालक. पुढे सिंगापूरच्या राजरत्नम संस्थेत.

त्यांचा पायाभूत ग्रंथ ‘मिनिमम डिटरन्स अँड इंडियाज न्यूक्लिअर सिक्युरिटी’ (२००६). शत्रूला धाक बसण्यासाठी त्याच्याइतकी अण्वस्त्रे लागत नाहीत. एखादे जरी आपल्या शहरावर पडले तर काय, ही शंकाच त्याला रोखते, असे त्यांचे प्रतिपादन. भरत कर्नाडांसारखे अभ्यासक मोठ्या साठ्याचा आग्रह धरतात. हा वाद मिटलेला नाही.

‘साउथ एशियाज कोल्ड वॉर’ (२००८) मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष अमेरिका-सोव्हिएत, अमेरिका-चीन, सोव्हिएत-चीन व अमेरिका-उत्तर कोरिया या जोड्यांशेजारी ठेवून पाहिला आहे. या मांडणीमुळे कारगिल (१९९९) एकटे उरत नाही. उसुरी नदीवरील सोव्हिएत-चिनी चकमकींशी (१९६९) त्याची तुलना करता येते. दक्षिण आशियाला अपवाद मानण्याची सवय मोडणारे हे काम महत्त्वाचेच.

त्याआधी, २००१-०२ च्या सीमेवरील सैन्यजमावानंतर लगेचच, पाकिस्तानचे हसन-अस्करी रिझवी यांच्यासोबत त्यांनी अणुदहशतवादावर निबंध लिहिला (२००३). दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी अशा वेळी एकत्र लिहिणे सोपे नव्हते.

‘सबकॉन्टिनेन्टल ड्रिफ्ट’ (२०२३) मध्ये भारतीय परराष्ट्र धोरण भरकटते कसे, याचा शोध आहे. आघाडी सरकारांच्या ओढाताणीत भारत-अमेरिका अणुकरार रखडला, तो एक प्रकार. हाती अधिकार असूनही जबाबदारी न निभावणे, हा दुसरा. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबई हल्ला दुसऱ्यात येतो. ‘कुबेर’ ट्रॉलर ताब्यात घेऊन आलेले दहा हल्लेखोर कुलाब्याच्या कोळीवस्तीत उतरले.

अन्य ग्रंथ : ‘रायझिंग इंडिया’ (केट सलिव्हन द एस्ट्राडा यांच्यासह, २०१७).

अण्वस्त्रांच्या आकड्यांवरून मराठीत वाद घालणाऱ्यांनी २००६ चा ग्रंथ आधी वाचावा.