जाहिरातीचा नकार आणि वृत्तपत्राचा खर्च

वृत्तपत्राचा खर्च जाहिरातदाराने सोसावा, आश्रयदात्याने की वाचकाने, हा प्रश्न मराठी पत्रसृष्टीस नवा नाही. दि. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. उलटपक्षी, त्याची जाहिरात मोबदला घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, असे धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकरचरित्रात नमूद केले आहे. जाहिरात अडविण्याची सत्ता तेव्हा संपादकाच्या हाती होती. गांधीजींनी हीच सत्ता निराळ्या हेतूने वापरली. 'यंग इंडिया' व 'नवजीवन' यांत त्यांनी जाहिराती घेतल्या नाहीत. पत्रांचा भार वर्गणीदारांनी उचलावा, अशी त्यांची भूमिका होती.

आज इंटरनेटवरील जाहिरात-रोधक प्रणालीमुळे ही सत्ता वाचकाकडे आली आहे. उत्पन्न बुडते, ही प्रकाशकांची तक्रार. जाहिरातींच्या आडून आपल्यावर पाळत ठेवली जाते, ही वाचकांची. दोन्हींत तथ्य आहे. अशी प्रणाली पुरविणे ही अनुचित स्पर्धा नव्हे, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी दिला. तथापि निर्णयाने खर्च भागत नाही. शाहू छत्रपती १९२२ साली निवर्तले. 'मूकनायक' १९२३ साली बंद पडले. जाहिरात नाकारणे हा वाचकाचा हक्क मानला, तरी आश्रयदाता नसेल तेथे पत्र जगविण्याचा भार त्याच वाचकावर येतो, हे विसरून चालणार नाही.