फाइलच्या कपाळावरची सहा अक्षरं

आजच्या भागाचं श्रेय माझ्या मामाला. मामाचं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या शनिवारी गिऱ्हाइकाने एका जिन्याच्या रेलिंगचं ड्रॉइंग मेलवर पाठवलं आणि मामाकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते काही उघडेना. मग मला फोन. "अरे, फाइल खराब आहे म्हणतंय हे. तू इंजिनिअर ना, बघ की जरा!" मी बी.टेक. आहे हे मामाला अशाच वेळी आठवतं.

म्हटलं, मामा, ती फाइल नोटपॅडमध्ये उघड. उघडली तर सगळा कचरा, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं स्वच्छ वाचता येत होती: एसी१०३२. फाइल खराब नव्हतीच, ती नवी होती. मामाच्या सॉफ्टवेअरची समज एसी१०१५ पर्यंत येऊन थांबलेली होती.

ही सहा अक्षरं म्हणजे डीडब्ल्यूजी फाइलच्या कपाळावर लिहिलेली तिची पिढी. एसी१०१५ म्हणजे ऑटोकॅड २०००ची रचना. त्यानंतर २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ या आवृत्त्यांबरोबर रचना बदलत गेली. एसी१०३२ ही २०१८ची. नवं सॉफ्टवेअर जुनी फाइल वाचतं, पण जुनं सॉफ्टवेअर नवी वाचू शकत नाही. आता हे असं का, आणि यात कोणाचा फायदा, याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

सुरुवात १९८२ला, अमेरिकेत. जॉन वॉकर आणि त्याच्या सोबत्यांनी ऑटोडेस्क नावाची कंपनी काढली. माइक रिडल नावाच्या प्रोग्रामरने 'इंटरॲक्ट' हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आधीच लिहिलेलं होतं. त्याच्याशी करार झाला आणि त्यातूनच ऑटोकॅड उभं राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. मोठमोठ्या महागड्या यंत्रांवर चालणारं काम टेबलावरच्या संगणकावर येणार, ही त्या काळी फार मोठी बाब होती.

ऑटोकॅडबरोबर फाइलचे दोन प्रकार आले. एक डीडब्ल्यूजी: आटोपशीर आणि वेगवान, पण तिची आतली रचना कंपनीने कधी जाहीर केली नाही. दुसरा डीएक्सएफ: साध्या मजकुराच्या रूपातला, रचना सगळ्यांना खुली, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करण्यासाठीच बनवलेला. म्हणजे खुला दरवाजा पहिल्या दिवसापासून होता. पण लोक रोज ये-जा करायचे ती बंद दरवाजातून, कारण काम सेव्ह होतं ते डीडब्ल्यूजीमध्ये.

आता कंपनीची बाजूही ऐका. रचना बदलायला खरी कारणं असतात. आर१३मध्ये खरीखुरी लंबवर्तुळं आणि स्प्लाइन, म्हणजे मोकळ्या वळणाच्या रेषा आल्या. २००४मध्ये लाखो छटांचे रंग आले, फाइल दाबून लहान करायची सोय आली. २००७च्या रचनेत मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाऊ लागला. जुन्या प्रोग्रामला या गोष्टींसाठी कप्पाच नाही, तर तो त्या ठेवणार कुठे? मीही सॉफ्टवेअर लिहितो. आज लिहिलेल्या कोडला पाच वर्षांनंतरची फाइल कळावी, ही अपेक्षा पुरी करणं खरंच अवघड आहे.

पण एवढंच असतं तर रचना छापून टाकायला काय हरकत होती? इथे धंदा सुरू होतो. तुमच्या आर्किटेक्टने नवी आवृत्ती घेतली, की स्ट्रक्चरल इंजिनिअरला घ्यावी लागते. त्याने घेतली, की ठेकेदाराला. मग शेवटी माझ्या मामाला. नव्या सोयी कोणाला हव्यात न हव्यात, निदान फाइल उघडायला तरी पैसे मोजायचे.

याला पहिलं मोठं आव्हान उभं राहिलं ते नव्वदच्या दशकात. सॉफ्टडेस्क नावाची कंपनी ऑटोकॅडच्या फाइली थेट वाचू शकेल असं स्वस्त सॉफ्टवेअर बनवत होती. ऑटोडेस्कने सॉफ्टडेस्कच विकत घ्यायचं ठरवलं. तेव्हा अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा सरकारी आयोग मध्ये पडला: कंपनी घ्या, पण १९९७ची अट अशी की ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती गेलं पाहिजे. पुढे ते व्हिसिओ कंपनीकडे पोहोचलं आणि इंटेलिकॅड या नावाने बाजारात आलं. व्हिसिओने डीडब्ल्यूजी उलगडणारी मारकॉम्प ही छोटी कंपनीही घेतली आणि १९९८मध्ये ओपनडीडब्ल्यूजी अलायन्स उभी राहिली. हीच आजची ओपन डिझाइन अलायन्स. काम एकच: ऑटोडेस्क जी रचना सांगत नाही ती फाइली तपासून, बाइट मोजून शोधायची, आणि सभासद कंपन्यांना द्यायची. नवी आवृत्ती आली, की पुन्हा पहिल्यापासून.

मग आला खटला. ऑटोकॅड २००७मध्ये फाइल दुसऱ्या कोणाच्या सॉफ्टवेअरने बनवलेली असेल, तर इशारा झळकायचा. ही फाइल अस्सल ऑटोडेस्कची आहे, असं सांगणारा एक छुपा शिक्का फाइलमध्ये असायचा, नाव 'ट्रस्टेडडीडब्ल्यूजी'. अलायन्सच्या कोडनेही तोच शिक्का मारायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००६मध्ये ऑटोडेस्कने सिॲटलच्या कोर्टात धाव घेतली: आमचा ट्रेडमार्क वापरताय! २००७मध्ये प्रकरण मिटलं. अलायन्सने शिक्का काढला, ऑटोडेस्कने पुढच्या आवृत्तीत इशाऱ्याची भाषा सौम्य केली. 'डीडब्ल्यूजी' ही अक्षरंच आपल्या नावावर करायचा कंपनीचा प्रयत्नही अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात फसला.

आणि शेवट कसा झाला माहितीये? २०२०मध्ये ऑटोडेस्क स्वतःच त्या अलायन्सची सभासद झाली! इमारतींच्या मॉडेलची देवाणघेवाण करणाऱ्या आयएफसी या खुल्या प्रकारासाठी तिला त्यांचं कोड हवं होतं. ज्याला कोर्टात खेचलं, त्याच्याच पंगतीला येऊन बसावं लागलं.

मामाचं काय झालं? जुन्या रचनेत फाइल उतरवून घेणं आता सोपं आहे. गिऱ्हाइकाला 'सेव्ह ॲज'मध्ये ऑटोकॅड २०००चा पर्याय निवडायला सांगितला, पाच मिनिटांत काम झालं. ऑटोडेस्कचं फुकट मिळणारं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हेच करतं. फक्त एक लक्षात ठेवा: फाइल आर१२च्या डीएक्सएफपर्यंत खाली आणली, तर तिथे स्प्लाइन नाहीच. गोल वळणाचे छोटे छोटे सरळ तुकडे होतात. कापायच्या मशीनवर टाकण्याआधी माप आणि वळण पुन्हा तपासा, नाहीतर पत्रा वाया.

मला मात्र एक गोष्ट अजून खुपतेय. मामाने वीस वर्षांपूर्वी बनवलेले जिने आजही लोकांच्या पायाखाली आहेत, आणि अजून पन्नास वर्षं राहतील. त्यांची ड्रॉइंग कोणत्या डिस्कवर, कोणत्या रचनेत आहेत, हे मामालाच आठवत नाही. उद्या एखादा जिना दुरुस्त करायचा झाला, तर मापं पुन्हा टेप लावूनच घ्यावी लागणार. म्हणून काम संपलं, की मूळ फाइलशेजारी एक डीएक्सएफ आणि एक पीडीएफ ठेवायची सवय लावा. जागा फार जात नाही.

मामाने सोमवारी फोन केला. रेलिंग कापून झालं होतं. म्हणाला, "ते डीएक्सएफ कसं करायचं, ते रविवारी येऊन दाखव." तर या रविवारी मी भोसरीत आहे. तुमच्याकडे जुन्या फाइलींचे असे किस्से असतील तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!