पेशव्याचं वय, गेंडा आणि ठाण्यात मेलेला चित्रकार

डोंबिवली लोकलमध्ये उभ्या-उभ्या मोबाईलवर हे चित्र पाहिलं आणि वहीत लिहून टाकलं, "बाल पेशवा, वय साधारण १२." चेहरा कोवळा वाटला, बस.

सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं हे तैलचित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ मध्ये केलं. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. माधवरावांचा जन्म १७७४ चा. म्हणजे वय १८! साधी वजाबाकी, पण एमएस्सी झालेल्या मला ती करावीशी वाटली नाही.

असं का झालं? डोक्यात रोकोको होतं. गेन्सबरोने १७५६ च्या सुमारास स्वतःच्या दोन मुली रंगवल्या: हातात हात घालून फुलपाखरामागे धावणाऱ्या, आणि ते बसलंय नेमकं काटेरी झाडावर. मूल म्हटलं की बाग आणि खेळ, हा साचा मी पुण्याच्या दरबारावर लावला. तिथे तर चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळालेला मुलगा सेवकांच्या गराड्यात बसलाय, शेजारी कारभारी नाना.

त्याचं पोरवय शोधायचं तर दुसरा कागद बघा. नोव्हेंबर १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. तेव्हा माधवराव १६ वर्षांचे. (गेंड्याचं वेड युरोपातही होतंच. भारतातून नेलेल्या क्लाराला रोकोको चित्रकार उद्रीने १७४९ मध्ये पॅरिसात रंगवलं.)

हा गंगाराम पुढे वेल्सचा मदतनीस झाला. वेरूळची लेणी त्यानेही काढली होती. पण १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या चित्रांचं पुस्तक निघालं, तेव्हा मुखपृष्ठावर नावं आली वेल्स आणि थॉमस डॅनियलची. पेपरवर तुमचं नाव कितवं, यावरून लॅबमध्ये रुसवेफुगवे होतात ना? इथे नावच नाही.

ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात पडून माधवराव गेले, २१ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात वेल्स तापाने गेला, आपल्या ठाण्यात. साष्टीतली लेणी काढताना तो ताप जडला असावा. ठाणं इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलं होतं डिसेंबर १७७४ मध्ये, माधवरावांच्या जन्मवर्षीच.

वेल्सची रोजनिशी येलच्या संग्रहात आहे. तिच्यात गंगाराम किती वेळा येतो, आणि कोणत्या कामासाठी, ते आता मोजायचंय. वहीतला '१२' खोडलेला नाही, शेजारी १८ लिहिलाय.