टू-स्ट्रोक ग्रास कटर सुरू होत नाही? दोरी ओढत बसण्याआधी हे तपासा

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात, तळीयेसारख्या गावांत, बांधावरचे आणि आंबा-काजूच्या कलमांभोवतीचे गवत काढायला टू-स्ट्रोक ग्रास कटर सोयीचा पडतो. मात्र उन्हाळाभर माळ्यावर ठेवलेला कटर जुलैत काढला की बऱ्याचदा सुरूच होत नाही. भर पावसात दुरुस्तीसाठी महाड गाठणे अवघड, त्यामुळे अनेकांचा हात तणनाशकाकडे जातो. उतारावर तणनाशकाने जमीन उघडी पडते आणि माती वाहून जाते. कापलेल्या गवताची मुळे मात्र जमिनीत राहतात. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत कोसळली तशी दरड गवताच्या मुळांनी थांबत नाही. पण वरच्या थराची धूप नक्की कमी होते. म्हणून कटर वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे आहे.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : योग्य इंधन, ठिणगी आणि दाब (कॉम्प्रेशन). तपासणी याच क्रमाने करावी.

१) इंधन
- टाकीतील जुने मिश्रण पारदर्शक बाटलीत काढून पाहावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल व पाण्याचा थर तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतला फिल्टर तळाशी असल्याने इंजिनाला ऑइल नसलेले पाणीदार इंधन मिळते. इंजिन सुरू होत नाही, झालेच तर पिस्टन घासला जातो. असे किंवा महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये.
- ताजे मिश्रण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे करावे. एक लिटर पेट्रोलला २५:१ साठी ४० मिली, ४०:१ साठी २५ मिली आणि ५०:१ साठी २० मिली टू-टी ऑइल लागते. बैठकीचे माप अंदाजाने धरू नये.
- ऑइलसाठी वेगळी कप्पी व मापकाडी असेल तर ते फोर-स्ट्रोक यंत्र आहे. त्यात मिश्रण घालू नये.
- फिल्टर, नळीची चीर आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र तपासावे.

२) प्लग आणि ठिणगी

स्विच चालू आहे ना, हे आधी पाहावे. नंतर थंड इंजिनाचा प्लग काढावा.
- *प्लग ओला :* इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चोक उघडा व स्विच बंद ठेवून, प्लगचे भोक खाली करून दोरी आठ-दहा वेळा ओढावी. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने तिथेही पेट्रोल साचते. नुसता प्लग पुसून भागत नाही. प्लग वाळवून बसवावा आणि चोक न लावता, रेस पूर्ण दाबून सुरू करावे.
- *प्लग कोरडा :* इंधन पोचत नाही. फिल्टर, नळी किंवा कार्बोरेटर तुंबला असेल.
- *प्लग काळा, काजळी धरलेला :* ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला.

ठिणगी पाहण्यासाठी सांडलेले पेट्रोल पुसून, टाकीचे झाकण लावून यंत्र मोकळ्या जागेत ठेवावे. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला, प्लगच्या भोकापासून दूर, टेकवावा आणि दोरी ओढावी. टोपी इन्सुलेटेड पकडीने धरावी. ठळक निळी ठिणगी दिसली पाहिजे. नसल्यास नवा प्लग लावून पाहावे. तरीही नसल्यास बंद करण्याच्या स्विचची वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे का, ते बघावे. त्यानंतरच कॉइलचा संशय घ्यावा.

३) दाब

प्लग घट्ट बसवूनही दोरी अगदी हलकी ओढली जात असेल तर पिस्टन किंवा रिंग खराब झाली असावी. सायलेन्सर काढून आतल्या पिस्टनकडे पाहावे. उभे ओरखडे दिसले तर ऑइल कमी पडले होते असे समजावे. हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

सायलेन्सर काढलाच आहे, तर त्याचे तोंडही पाहावे. कार्बन किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर असल्यास यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते.

हंगाम संपल्यावर
- टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे.
- प्लगच्या भोकात टू-टी ऑइलचे काही थेंब टाकून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी व प्लग बसवावा.
- यंत्र कोरड्या जागी, चुलीपासून दूर ठेवावे.

दक्षता : पेट्रोल हाताळताना विडी-सिगारेट, दिवा जवळ नसावा. तपासणी करताना पाते काढून ठेवावे. दहा-बारा ओढण्यांत इंजिन सुरू झाले नाही तर थांबावे आणि पहिल्या पायरीपासून तपासावे.