सिंदखेड राजा परिसरातील ऐतिहासिक स्थळे

सिंदखेड राजा हे महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान म्हणून ते सर्वपरिचित आहे. राजवाडा, समाधी, मंदिरे, तलाव आणि बारवा अशा वास्तू येथे जवळजवळ असल्याने सतराव्या शतकातील एका सरदार घराण्याच्या नगराची कल्पना येऊ शकते.

== इतिहास ==
लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. जाधव घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांशी जोडते. लखुजी व म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला, असे मानले जाते. १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांचे पुत्र यांची हत्या करण्यात आली.

== प्रमुख वास्तू ==
* '''राजवाडा''' : जिजाबाईंचे जन्मस्थळ. भव्य दगडी प्रवेशद्वार हे याचे वैशिष्ट्य. दरवर्षी १२ जानेवारीला येथे राज्यभरातून लोक येतात.
* '''रंगमहाल''' : शहाजीराजे व जिजाबाई यांचा विवाह रंगपंचमीच्या उत्सवात येथेच ठरला, अशी परंपरागत समजूत आहे.
* '''लखुजी जाधवरावांची समाधी''' : घुमट असलेली भव्य वास्तू. २०२४ मध्ये हिच्या जतनकार्याच्या वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जवळच एका प्राचीन मंदिराचा पाया व शेषशायी विष्णूची शिल्पाकृती आढळली. त्यामुळे या स्थळाचा इतिहास जाधवकाळापूर्वीचा असल्याचे स्पष्ट झाले.
* '''नीलकंठेश्वर मंदिर''' : प्राचीन शिवालय. याचा जीर्णोद्धार लखुजींनी केल्याचे मानतात. समोर मोठी बारव आहे.
* '''काळाकोट''' : काळ्या दगडाच्या जाड भिंतींची तटबंदी.

== जलव्यवस्था ==
पर्जन्यमान बेताचे असलेल्या या भागात पाणी साठविणे ही नगराच्या अस्तित्वाचीच अट होती. मोती तलावाचा बांध दर्शनी बाजूने किल्ल्याच्या तटासारखा भासतो, तर चांदणी तलावाच्या मध्यभागी दगडी इमारत आहे. सजना बारव आणि शिल्पांकित पुतळा बारव याच व्यवस्थेचा भाग आहेत. जयंतीच्या गर्दीचा ओघ मुख्यत्वे राजवाड्याकडे असतो. या जलवास्तूंकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. गाळ, झाडोरा आणि दगडांची पडझड यांपासून त्यांचे रक्षण होणे आवश्यक आहे, कारण राजवाड्याभोवतीचे नगर कसे जगले हे त्यांवरूनच कळते.

== परिसरातील स्थळे ==
तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला. या विजयाने हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला. देऊळगाव राजा येथील बालाजी मंदिर प्रसिद्ध आहे. लोणार येथे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले सरोवर असून २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर मध्ययुगीन शिल्पकलेसाठी पाहण्याजोगे आहे.

== दळणवळण ==
सिंदखेड राजा जालना–मेहकर मार्गावर असून समृद्धी महामार्गावरूनही तेथे जाता येते. जालना हे जवळचे रेल्वेस्थानक आहे.