राहिलेल्यांची यादी

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या संगणकावर आज एक कळ दाबली, की या आठवड्यात कुणाचा कुठला डोस राहिलाय ते समोर येतं. बाळाचं नाव, वय, आईचा मोबाइल, राहिलेली लस. ही सोय कोविडनंतर आली असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. सरकारचं यू-विन हे पोर्टल कोविनच्याच पायावर उभं राहिलं. पण या यादीचं मूळ शोधायला गेलं तर वाट संगणकाकडे न जाता वेगळीकडेच वळते.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. लस बगदादहून बसऱ्यामार्गे आली होती आणि तेव्हा ती फार काळ साठवून ठेवता येत नसे. त्यामुळे एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव काढायचा आणि दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, अशी साखळी चालवावी लागे. टोचलेलं मूल साधारण आठव्या दिवशी परत यायलाच हवं: फोड नीट धरला का हे पाहायला, आणि त्याच फोडातून पुढच्यासाठी लस काढून घ्यायला. म्हणजे अमक्या मुलाला परत बोलवायचं आहे, ही नोंद आधी लस जगवण्यासाठी होती, मुलाचा नंबर त्यानंतर. आई-बापांना हे कळत होतंच. आपल्या लेकराच्या फोडातून काहीतरी काढून नेतात म्हटल्यावर ते आठव्या दिवशी यायला टाळाटाळ करत, आणि मला त्यात अडाणीपणा दिसत नाही.

पुढे मुंबईत १८७७ साली आणि मग ब्रिटिश हिंदुस्थानातल्या काही भागांसाठी १८८० साली लसीकरणाचे कायदे झाले. १८८० च्या कायद्यात ‘असंरक्षित मूल’ अशी चक्क व्याख्या आहे: ज्याला देवी येऊन गेलेल्या नाहीत आणि यशस्वी टोचणीही झालेली नाही, असं मूल. लस न मिळालेल्या मुलाला सरकारी कागदावर असं वेगळं अस्तित्व मिळालं. मात्र त्याला शोधायचं ते नोटीस बजावायला आणि दंड करायला. बाकी कारभार आकड्यांचाच. वार्षिक अहवालात किती टोचले, त्यातले किती यशस्वी झाले आणि एका यशस्वी टोचणीमागे खर्च किती आला, हे काटेकोर छापलेलं असे. गावात देवी काढणारा आला की पोरं लपवली जात. लपवलेली पोरं त्या तक्त्यात कुठे असणार?

आजच्या नोंदीतल्या एका रकान्याचा उगम मात्र फार कडू आहे. दवाखान्यात लस दिली की तिचा बॅच नंबर टिपावा लागतो आणि अनेकांना तो कारकुनी जाच वाटतो. त्यामागची गोष्ट अशी: जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी घेतली. टोचून घेतलेले कैदी आणि न टोचलेले कैदी, दोघांचाही हिशेब त्याने ठेवला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ लोकांना ही लस दिली गेली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते: ५३-एन. कुणाला कुठल्या बाटलीतून दिलं हे लिहिलेलं होतं, म्हणून ही गोष्ट उघडकीला आली. तरी ठपका हाफकिनवर आला आणि त्याला निलंबित केलं गेलं. बाटली गावात उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तिथून जंतुसंसर्ग झाला असावा, असा युक्तिवाद पुढे उभा राहिला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्याचं नाव आहे.

कागद हरवतो, म्हणून अंगावरची खूणही नोंदीचं काम करत आली. देवीच्या निर्मूलन मोहिमेत दंडावरचे वण मोजून कुठे किती टोचणी झाली ते ताडून पाहत. आपल्याकडे बीसीजी डाव्या दंडावरच देतात, त्यामागचं एक कारणही हेच: सर्वेक्षणाला गेलेल्याने कुठे पाहायचं ते ठरलेलं असावं.

१९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि प्रश्नच बदलला. देवीची टोचणी बहुधा एकदाच, पण आता एकाच बाळाला दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना आणि पुन्हा नवव्या महिन्यात बोलवायचं होतं. नर्सबाईंच्या जाडजूड रजिस्टरात आलेल्यांची नोंद होई. न आलेलं बाळ शोधायचं तर मागची पानं चाळत बसायचं. इथे उपकेंद्राच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली ती कापडी पिशवी येते, टिकलर बॅग. तिला महिन्यांचे बारा कप्पे, शिवाय डोस पूर्ण झालेल्यांसाठी आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी वेगळे. बाळाच्या कार्डाचा एक भाग आईकडे, दुसरा नर्सबाईंकडे. पुढचा डोस जुलैत असेल तर तो भाग जुलैच्या कप्प्यात. बाळ आलं, डोस झाला, की चिठ्ठी पुढच्या महिन्याच्या कप्प्यात सरकते. जुलै संपताना कप्प्यात ज्या चिठ्ठ्या उरतात, ती राहिलेल्यांची यादी. कुठलीही बेरीज न करता, हात घातला की हाती येते. दुकानदाराच्या विक्रीच्या वहीत आणि उधारीच्या वहीत जो फरक, तोच रजिस्टरात आणि या पिशवीत. दवाखान्यातल्या संगणकाचं नातं मी या पिशवीशी जोडतो.

इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्सने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संगणक या कामाला लावला होता, आणि तोही पुढच्या डोसची बोलावणी काढायला. अमेरिकेत १९८९ ते १९९१ च्या गोवराच्या साथीने डोळे उघडले. तिथली मुलं डॉक्टर बदलत, नोंदी चार दवाखान्यांत विखुरलेल्या, आणि पूर्ण चित्र कुणाकडेच नाही. सामायिक नोंदवह्यांना खरा जोर त्यानंतर आला.

आपल्याकडे पोलिओने आणखी एक तोडगा दिला. १९९५ ला सुरू झालेल्या पल्स पोलिओत पुढे घरोघर फिरणाऱ्या पथकांनी दारंच वही केली. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं असेल तर ‘एक्स’. दुसऱ्या दिवशी फक्त ‘एक्स’ची दारं ठोठवायची. हावड्यात १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला; त्या यशात शाई लावलेल्या करंगळीचे फोटो खूप छापले गेले, खडूच्या फुलीचे फारसे नाहीत.

२००९ मध्ये माता-बालकांचा माग ठेवणारी संगणक प्रणाली आली. तिथे बहुतेकदा नर्सबाईंच्या रजिस्टरातून उतरवून ऑपरेटरने टंकायचं, त्यामुळे माहिती पोचेपर्यंत डोसची तारीख उलटलेली. कोविन १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि भराभर चाललं. पण तिथे मोठी माणसं स्वतः वेळ शोधत येत होती. दीड महिन्याचं बाळ ओटीपी टाकत नाही. यू-विनने २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांत चाचणी घेऊन हेच काम बाळांसाठी मांडलं: जन्मापासून नोंद, आठवणीचा संदेश, आणि देशात कुठेही पुढचा डोस. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला या शेवटच्या सोयीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खासगी दवाखान्यात मात्र ही नोंदवही अजून रुळायची आहे. डॉक्टरांची स्वतःची संगणकीय फाइल वेगळी, आईच्या हातातलं कार्ड वेगळं, त्यावर कुपीची चिकटपट्टी. सहा आजारांवरची एकत्र लस एका सुईत जाते, पण सरकारी वेळापत्रकात ती पेंटाव्हॅलंट आणि पोलिओ अशा दोन ओळींत मोडते. एकच ओळ भरली तर दुसरी राहिलेली दिसते आणि आईला उगाच संदेश जातो. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकातच नाही. गर्दीच्या ओपीडीत हे दुसऱ्यांदा टंकायचं कुणी, यावरून रिसेप्शनवरची मुलगी आणि नर्स यांच्यात रोज कुरबुर चालते.

आणि ज्याच्या जन्माचीच नोंद कुणी केली नाही, ते बाळ कितीही हुशार पोर्टलला राहिलेलं दिसत नाही. त्यामुळे विशेष मोहिमेआधी आशाताई अजूनही घरोघर जाऊन डोकी मोजतात, वीटभट्टीवर आणि पालांवरही जातात, आणि तिथे सापडलेली नावं मग पोर्टलवर चढतात.